मस्तगडातला हुकूम आणि आपला हक्क

इअरफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

माझा एक मित्र एमपीएससीचा अभ्यास करतो. परवा चहा पिताना तो पाठांतर म्हणून दाखवत होता. लॉक म्हणजे नैसर्गिक हक्क. माँटेस्क्यू म्हणजे सत्ता विभाजन. रूसो म्हणजे सामाजिक करार. व्होल्टेअर म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्य. जोड्या लावा, दोन मार्क घ्या, विषय संपला. मी त्याला विचारलं, "अरे, यांचा आपल्या जालन्याशी काय संबंध?" तो म्हणाला, "काही नाही. पेपरला येतं म्हणून करायचं."

आम्ही बसलो होतो मस्तगडाजवळ. मला वाटलं, संबंध काय तो इथूनच सांगता येईल. म्हणून आजचा हा भाग.

जालन्याबाहेरच्या मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. जालना शहराच्या पूर्वेला, कुंडलिका नदीच्या काठी एक जुना किल्ला आहे. चौकोनी, कोपऱ्यांवर बुरूज. त्यातली जी गढी, तिला लोक मस्तगड म्हणतात. गढीत बांधकामाची नोंद सांगणारा फारसी शिलालेख आहे. आत मोठी विहीर आहे, तिला दालनं आहेत. किल्ला आणि विहीर बांधली 1725 साली काबिल खान यानं, निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून. आणि पुढच्या काळात याच इमारतीत नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या.

'हुकमावरून' हा शब्द लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

1725 म्हणजे कोणता काळ? त्याच्या आदल्याच वर्षी, 1724 साली, इथून जवळ साखरखेर्ड्याला लढाई झाली. हो, तेच बुलढाणा जिल्ह्यातलं साखरखेर्डा. आसफजाहनं तिथं मुबारिझ खानाला हरवलं आणि दख्खन त्याच्या हातात आलं. नावाला वर दिल्लीचा बादशहा होता, पण इथला मालक हाच. कर किती घ्यायचा, तो ठरवणार. वसूल करणारी माणसं त्याची. तक्रार असेल तर न्यायही त्याच्याच दरबारात. जालन्याच्या शेतकऱ्याला, विणकराला कुणी विचारलं का, की बाबा, हा राजा तुला चालेल का? प्रश्नच नव्हता. ज्यानं लढाई जिंकली, त्याचा हुकूम.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं असं होतं, पण तिकडं युरोपात सगळं आधुनिक असणार. अजिबात नाही. काबिल खान इथं किल्ला बांधत होता, त्याच्या पुढच्याच वर्षी, 1726 साली, पॅरिसमध्ये काय झालं ऐका. व्होल्टेअर नावाचा एक लेखक होता, तोंडाचा जरा फटकळ. त्याची एका सरदाराशी बाचाबाची झाली. सरदारानं आपल्या नोकरांकडून त्याला भर रस्त्यात मारहाण करवली. व्होल्टेअर म्हणाला, ये समोर, द्वंद्व करू. तर तुरुंगात कोण गेलं? मार खाणारा! राजाच्या सहीचा एक कागद निघाला आणि व्होल्टेअर बॅस्टिलच्या किल्ल्यात बंद. ना खटला, ना साक्षीपुरावा. देश सोडतो म्हणाला तेव्हा सुटला आणि इंग्लंडला गेला.

म्हणजे जालन्यात हुकूम, पॅरिसमध्येही हुकूम. फरक एवढाच पडला, की तिकडं काही माणसं एक साधा प्रश्न छापून विचारायला लागली: हा अधिकार तुला कुणी दिला? त्या प्रश्नाच्या काळाला ज्ञानोदय म्हणतात. एन्लायटन्मेंट.

आता त्या जोड्या पुन्हा लावू, पण नगरपालिकेचं उदाहरण घेऊन.

समजा, तुमच्या घराची घरपट्टी वाढली. तुम्ही विचारता, कुणी वाढवली? उत्तर येतं, सभागृहानं ठराव केला. सभागृहात कोण? तुम्ही निवडून दिलेले नगरसेवक. म्हणजे फिरून फिरून संमती तुमचीच. हा लॉक. 1689 साली इंग्लंडमध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं, की सरकार हे लोकांनी आपल्या जिवाच्या, स्वातंत्र्याच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी उभं केलेलं असतं. त्यानं ते काम केलं नाही, उलट लोकांनाच लुबाडलं, तर लोक ते सरकार बदलू शकतात.

पुढचा प्रश्न. ठराव करणारा, तो अमलात आणणारा आणि त्यावरच्या तक्रारीचा निकाल देणारा, हे तिन्ही एकच असले तर? मग तुमची दाद कुठं लागणार? हा माँटेस्क्यू, 1748. गंमत म्हणजे तो स्वतः बोर्दो शहरात न्यायाधीश होता, आणि ते पद त्याला काकाकडून वारशानं मिळालेलं. नंतर त्यानं ते विकलं! हो, न्यायाधीशाची खुर्ची तेव्हा विकता यायची. व्यवस्था आतून बघितलेला माणूस सांगत होता, की सगळी सत्ता एका हातात दिली तर ती बिघडणारच, म्हणून सत्तेलाच सत्तेचा लगाम लावा.

तिसरा, ठराव चुकीचा वाटला तर तसं जाहीर बोलता आलं पाहिजे. हा आपला बॅस्टिलवाला व्होल्टेअर. इंग्लंडहून परत आल्यावर त्यानं तिथल्या मोकळेपणाबद्दल पुस्तक लिहिलं. 1734 साली पॅरिसच्या न्यायालयानं ते जाळायला लावलं.

आणि चौथा रूसो, 1762. तो म्हणतो, कायदा लोकांचा स्वतःचा असला पाहिजे, तरच तो पाळताना माणूस गुलाम होत नाही. त्याच्या डोक्यावरही अटकेचं वॉरंट निघालं, पळावं लागलं. पुढं 1784 साली जर्मनीतल्या कांटनं या सगळ्याचं सार एका छोट्या लेखात मांडलं: दुसऱ्याच्या बोटाला धरून विचार करणं सोडा, स्वतःची बुद्धी वापरण्याचं धाडस करा.

इथपर्यंत तुमचा पेपर झाला. खरी गोष्ट इथून पुढं आहे.

या विचारवंतांचा प्रश्न मुख्यतः राजाला होता, चर्चला होता. पण हुकूम काय फक्त राजाच देतो? आपल्याकडं एक हुकूम असा होता, जो कोणत्याही शिलालेखावर कोरलेला नव्हता आणि तरी गावातल्या प्रत्येकाला पाठ होता. विहिरीवर कुणी चढायचं, कुणी नाही. शाळेत कुणी बसायचं, कुणी नाही. हा जातीचा हुकूम. राजा बदलला, निजाम आला, इंग्रज आला, हा हुकूम तसाच.

त्याला हाच प्रश्न विचारणारा माणूस पुण्यात होता. जोतीराव फुले. साधारण विशीत, 1847 च्या सुमारास, त्यांच्या हातात थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' पडलं. पेन कोण? इंग्लंडमधला, स्त्रियांच्या कंबरपट्ट्या शिवणाऱ्याचा मुलगा. आधी अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लिहिलं, मग फ्रेंच क्रांतीच्या बाजूनं. 1791-92 मध्ये हे पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या सरकारनं त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. पेनचं म्हणणं सरळ होतं: हक्क राजानं दिलेले नसतात, माणूस म्हणून जन्माला आलात की ते तुमचे.

फुल्यांनी हे वाचून काय केलं? 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज काढला. 1882 साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. त्यातला हिशेब बघा: सरकारी तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गावर. म्हणून बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. कर आमचा, मग निर्णयात आमचा वाटा कुठाय? लॉक जे बोलला, तेच पुण्याचा माळी समाजातला माणूस शेतकऱ्याच्या बाजूनं बोलत होता.

आणि हो, फुले नगरपालिकेतही होते! 1876 ते 1882 पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद. व्हाइसरॉयच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात मत टाकणारे ते एकटे. लोकांच्या पट्टीचा पैसा साहेबाच्या स्वागताला कशाला? आपल्या वॉर्डात आजही विचारता येईल असा प्रश्न आहे हा.

आता आपल्या शेजारच्याच बुलढाण्याची एक बाई. ताराबाई शिंदे. वडील सत्यशोधक. 1882 साली त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. विषय काय? दोष असतील तर दोघांत आहेत, मग नियम फक्त बाईलाच का? फ्रान्समध्ये ऑलिंप द गूजनं 1791 साली स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला होता आणि दोन वर्षांनी तिचा शिरच्छेद झाला. 'सर्व माणसं समान' म्हणणाऱ्या क्रांतीनं बाईला मात्र मोजलंच नव्हतं. ताराबाईंचं पुस्तक आल्यावर इथंही टीका झाली, आणि त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते फुलेच.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे युरोपातले विचारवंत काही देव नव्हते. लॉक स्वातंत्र्यावर लिहीत होता आणि त्याचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते. जॉन स्टुअर्ट मिल, ज्याच्या विचारांनी आपले आगरकर भारावले, त्यानं ईस्ट इंडिया कंपनीत पस्तीस वर्षं नोकरी केली, आणि त्याच्या मते स्वातंत्र्याचं तत्त्व आपल्यासारख्या समाजांना इतक्यात लागू नव्हतं. म्हणजे विचार मोठा, पण विचार करणाऱ्याच्या डोळ्यावर झापड. आगरकरांनी काय केलं? मिलचा विचार घेतला आणि झापड तिथंच ठेवली. 1888 मध्ये 'सुधारक' काढलं आणि आपल्याच लोकांच्या रूढींना कारण विचारायला लागले.

आता पाण्याकडं येऊ, कारण आपली गोष्ट विहिरीपासून सुरू झाली होती.

1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तसाच ठराव करून चवदार तळं खुलं केलं. झालं ना काम? लोकनियुक्त सभागृह, रीतसर ठराव. पण तळ्यावर कुणाला जाऊ दिलं जाईना. कागदावर हक्क आणि गावात तोच जुना हुकूम.

20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर काय? परत जाणाऱ्या लोकांना मारहाण. तळ्यात शेण-गोमूत्र ओतून 'शुद्धी'. आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले. त्या परिषदेतल्या भाषणात त्यांनी आठवण काढली ती 1789 सालच्या फ्रान्समधल्या, व्हर्सायच्या राष्ट्रसभेची. आमची ही सभा त्या सभेसारखी आहे, असं ते म्हणाले. परिषदेनं माणसाच्या जन्मसिद्ध समानतेचा ठराव केला आणि 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्याचं काय? विरोधक कोर्टात गेले, मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखून सत्याग्रह थांबवला आणि खटला लढवला. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

सभागृह, अंमलबजावणी, न्यायालय. माँटेस्क्यूचे तिन्ही खांब या एका तळ्याच्या गोष्टीत दिसतात. सभागृह डगमगलं, अंमलबजावणी झालीच नाही, शेवटी न्यायालयात दाद लागली. हे तिन्ही एकाच हातात असते, तर गोष्ट ऑगस्ट 1927 मध्येच संपली असती.

हे सगळं चाललं होतं ते ब्रिटिश मुलखात. आपण मराठवाड्याची माणसं तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. इथं काय होतं?

1934 साली बाबासाहेब सुमारे तीस जणांसह दौलताबादचा किल्ला बघायला आले. दमून आले होते, किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. लगेच आरडाओरडा, पाणी बाटवलं म्हणून. शेवटी किल्ला बघायला सोडलं ते एका अटीवर: आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत. बॅरिस्टर, लंडनच्या गोलमेज परिषदेत बसलेला माणूस, आणि त्याच्यामागं पाण्यावर पहारा करणारा शिपाई. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय.

आणि याची तक्रार कुठं करणार? निजामाच्या राज्यात लोकांनी निवडलेलं सरकार नव्हतं. कचेरीची भाषा उर्दू, बहुसंख्य मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता यायचा नाही. सभा घ्यायची तर आधी परवानगी. त्या हुकमाचं नाव होतं गश्ती निशान 53. एक हुकूम समाजाचा, दुसरा दरबाराचा, आणि माणूस दोन्हींच्या मध्ये दबलेला.

तरी लोक जमले. 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं ते परतूरला. आपलं परतूर! अध्यक्ष गोविंदराव नानल. मागणी काय, तर नागरी हक्क द्या, आमच्या भाषेत शिकू द्या, जबाबदार राज्यपद्धती आणा. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि कितीतरी लोक तुरुंगात गेले. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. साखरखेर्ड्याच्या लढाईपासून मोजलं, तर जवळपास सव्वादोनशे वर्षं.

मग राज्यघटना. व्होल्टेअरसाठी अनुच्छेद 19 आहे, मारहाण करून वर तुरुंगात टाकलेल्यासाठी 21 आणि 22 आहेत, चवदार तळ्यासाठी 15 आणि 17 आहेत. पण बाबासाहेबांना विचारलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तुम्ही फ्रेंच क्रांतीतून उचललं का? 1954 साली आकाशवाणीवरून त्यांनी सांगितलं: नाही, माझे गुरू बुद्ध, हे तत्त्वज्ञान मी त्यांच्या शिकवणीतून घेतलं. महाडला फ्रान्सची आठवण काढणारा माणूसच हे सांगतोय. मला यात विरोध दिसत नाही. प्रश्न विचारण्याची परंपरा एकाच खंडाच्या मालकीची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी एक इशाराही दिला होता. 26 जानेवारीला आपण एका विसंगतीत पाऊल टाकणार: राजकारणात एक माणूस, एक मत, आणि समाजात मात्र विषमता. ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर ज्यांना ती सोसावी लागते ते लोक ही लोकशाहीच उडवून लावतील.

आता पुन्हा मस्तगडाजवळ येऊ. चहा गार झाला असेल माझ्या मित्राचा.

1993 पासून लागू झालेली 74 वी घटनादुरुस्ती सांगते, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. पण 2022 च्या आसपास राज्यातल्या बहुतेक नगरपालिका-महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लटकल्या. आरक्षणाचा वाद, प्रभागांचा वाद, कोर्टाच्या तारखा. कारभार प्रशासकांच्या हातात. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावं लागलं, की निवडणुका घ्या. आपली नगरपालिका 2023 साली महानगरपालिका झाली, तीही याच काळात. ठराव करणारा आणि अमलात आणणारा एकच अधिकारी. घरपट्टी भरत होतो, नळाला पाणी कितव्या दिवशी येणार याची वाट बघत होतो, पण आपण निवडलेलं कुणी सभागृहात नव्हतं. अधिकारी चांगले असतील, प्रामाणिक असतील. पण चांगला हुकूम हा शेवटी हुकूमच. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातलाच ना? जालन्याला त्याचं पाणी मिळालं, उपकारच झाले. पण उपकार करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. हक्क असेल तरच जाब विचारता येतो.

आणि मला टोचतं ते हे, की या काळात आपल्यापैकी किती जणांना सभागृह रिकामं आहे हे जाणवलं? मला स्वतःला फार उशिरा जाणवलं. व्होल्टेअरला बॅस्टिलमध्ये टाकावं लागलं, आपल्याला फक्त दुसरीकडं बघायला लावलं तरी पुरतं.

तर करायचं काय? फार मोठं नाही. माहिती अधिकाराचा कायदा 2005 चा आहे. साधा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. आपल्या वॉर्डातल्या एका रस्त्याचं, एका पाइपलाइनचं बिल मागा. कुणी मंजूर केलं, किती पैसे दिले, काम कुणी तपासलं. कांट जे धाडस म्हणत होता, ते आपल्याकडं दहा रुपयांत करता येतं. अठरा पूर्ण झाले असतील तर मतदार यादीत नाव आहे का, ते आज बघा. मोबाइलवरच दिसतं. आणि घरात, गल्लीत, गावच्या पाणवठ्यावर अजून कुठला न लिहिलेला हुकूम चालतोय का, तेही बघा. तो प्रश्न आयोगाच्या पेपरला येणार नाही, पण फुल्यांनी आणि ताराबाईंनी तोच सोडवायला घेतला होता.

माझ्या मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अर्ज मराठीत चालतो ना?"

म्हटलं, "चालतो. त्यासाठीच तर परतूरला लोक जमले होते."

मंडळी, अर्ज केलात तर उत्तर काय आलं ते नक्की कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. भेटू लवकरच. नमस्कार!